टर्बियमची काच उलटी का वळते, ते आपल्याच बाकावर कसं मोजायचं

गेल्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, सुट्टीत माझी भाची एक काचेची कांडी रुमालात गुंडाळून घेऊन आली. तीन सेंटिमीटर लांब, करंगळीएवढी जाड, पाण्यासारखी स्वच्छ. कुठल्या तरी निकामी लेसर यंत्राच्या आयसोलेटरमधून (प्रकाशाला एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागातून) ती निघाली होती आणि तिच्या सरांनी प्रोजेक्टसाठी दिली होती. "मावशी, ह्यात टर्बियम आहे म्हणतात. खरंच आहे का, ते कसं कळणार?" मी ३१ वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काढली. टर्बियम ह्या दुर्मिळ मृदा धातूची काच मी कधी हातात घेतली नव्हती, पण विचारायचं कसं ते ठाऊक होतं. गोव्यात म्हार्दोळच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत पुढचे दोन महिने आम्ही दोघींनी तिला जे जे विचारलं, ते इथं लिहिते. कोणाला करून पाहायचं असेल तर आमच्या चुका तरी वाचतील.

आधी थोडक्यात तत्त्व. १३ सप्टेंबर १८४५ रोजी मायकल फॅरडेनं शिशाच्या जड काचेतून ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, प्रकाश सोडला आणि बाजूला विद्युतचुंबक चालू केला. प्रकाशाच्या कंपनाचं प्रतल थोडं वळलं. प्रकाश आणि चुंबकत्व यांचं नातं तिथं पहिल्यांदा दिसलं. किती वळतं? चुंबकीय क्षेत्र गुणिले काचेची लांबी गुणिले त्या काचेचा एक आकडा. त्या आकड्याला एमिल व्हर्डे या फ्रेंच माणसाच्या नावावरून व्हर्डे स्थिरांक म्हणतात आणि तो रेडियन प्रति टेस्ला-मीटरमध्ये मोजतात. पाण्याचा पिवळ्या प्रकाशात सुमारे ३.८. शिशाच्या जड काचांचा वीसच्या आसपास जातो. बाजारात मिळणाऱ्या टर्बियमच्या काचेचा लाल प्रकाशात ७०च्या आसपास, पण त्याच्यामागे उणे चिन्ह असतं. सगळी गंमत त्या उणे चिन्हात आहे.

पाणी, साधी काच, शिशाची काच ही सगळी प्रतिचुंबकीय मंडळी. त्यांच्यात प्रतल नेहमी एकाच बाजूला वळतं आणि तापमानाचं त्यांना फारसं काही वाटत नाही. टर्बियमचा आयन मात्र पॅरामॅग्नेटिक, म्हणजे समचुंबकीय. त्याच्या आतल्या एफ कवचात आठ इलेक्ट्रॉन असतात, त्यातले सहा जोडीविना. त्यामुळे प्रत्येक आयन एक चिमुकला चुंबक होतो. बाहेरून क्षेत्र लावलं की ते सगळे थोडेसे एका दिशेला कलतात. मग उजव्या आणि डाव्या बाजूनं गरगरणाऱ्या प्रकाशाला काच वेगवेगळी वागवते आणि प्रतल दुसऱ्या बाजूला, तेही जोरात, वळतं. उष्णता वाढली की आयन हलतात आणि कल बिघडतो. म्हणून समचुंबकीय वळण केल्विन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. तेव्हा काचेला तीन प्रश्न विचारायचे: कुठल्या बाजूला वळतेस, तापल्यावर किती कमी होतेस, आणि लालकडून निळ्या प्रकाशाकडे गेल्यावर किती वाढतेस. तिन्ही उत्तरं बरोबर आली तर टर्बियम आहे असं म्हणायला हरकत नाही.

त्याच्याही आधी एक अर्ध्या मिनिटाची चाचणी. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च काचेवर मारा, खोलीत अंधार करून. टर्बियम असेल तर हिरवट झळाळी येते, ५४३ नॅनोमीटरच्या आसपासची. आमच्या कांडीनं ती दिली आणि भाचीचा चेहरा उजळला. पण युरेनियमची काचही हिरवी चमकते, मँगनीजचीही चमकू शकते, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. रंगही बघा. टर्बियमचं व्यापारी ऑक्साइड तपकिरी असतं, कारण त्यात काही आयन चार धनभारांचे असतात. काच वितळवताना ते तीन धनभारांवर आणावे लागतात. नीट आणले तर काच बिनरंगी, नाही तर तपकिरी छटा राहते. सिरियमचंही तसंच: तीन भारांचा सिरियम वळण देतो, चार भारांचा समचुंबकीय नसतोच, वर काच पिवळसर करतो.

आता सामान. मोठा खर्च एकच, कॉइल, आणि तीही आम्हाला जवळजवळ मोफत पडली. फोंड्यात पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारे आहेत. कुळागरांच्या, म्हणजे सुपारीच्या बागांच्या, पंपांमुळे त्यांच्याकडे पावसाळा सोडला तर रांग असते. एकाकडे गेले, म्हटलं २२ गेजची तार, १२०० वेढे, १२ सेंटिमीटर लांबीच्या नळीवर, आतलं भोक २ सेंटिमीटर. तो म्हणाला, "बाय, ही खंयची मोटार?" मोटार नाही म्हटल्यावर त्यानं डोकं खाजवलं, पण मशीनवर पंधरा मिनिटांत आठ थर चढवून दिले. तार साधारण ४०० ग्रॅम लागते. नळी पीव्हीसीची घ्या, लोखंडाची अजिबात नको. कॉइलचा रोध जवळजवळ ५ ओहम येतो, म्हणजे २ ॲम्पियर सोडायला १० व्होल्ट पुरतात. मधल्या भागात क्षेत्र मिळतं २४ मिलिटेस्ला. हा आकडा वेढे आणि लांबीवरून काढलेला आहे, टोकांची घट धरून. कॉलेजात गॉसमीटर असेल तर एकदा ताडून घ्या, आम्ही घेतला तेव्हा एक टक्क्याच्या आत जमला.

निओडिमियम चुंबक घेतला तर क्षेत्र दहा-वीस पट मिळतं, मग कॉइलच्या भानगडीत का पडायचं, असं भाचीनं विचारलंच. कारण कॉइलची दिशा एका स्विचनं उलटवता येते. ह्या प्रयोगाचा जीव तिथं आहे. चुंबक उलटवायला तो उचलावा लागतो, आणि उचलला की सगळं हलतं. शिवाय मोठ्या निओडिमियम चुंबकांच्या मध्ये बोट सापडलं तर काळं-निळं होतं, आणि घरात पेसमेकरवालं कोणी असेल तर ते आणूच नयेत.

लेसर: ६५० नॅनोमीटरचा लाल पॉइंटर, ५ मिलिवॉटच्या आतला. बॅटरी काढून स्थिर ३ व्होल्टच्या सप्लायवर चालवा आणि वीस मिनिटं तापू द्या. डोळ्यांच्या पातळीवर किरण ठेवू नका. आमचा बाक मुद्दाम पोटाच्या उंचीवर होता, आणि किरणाच्या शेवटी काळा पुठ्ठा. पोलरायझर, म्हणजे प्रकाश ध्रुवित करणारे पत्रे, मी जुन्या कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवरचे काढले होते. पण खरे पोलरॉइड पत्रे फार महाग नाहीत, तेच घ्या. प्रकाश मोजायला बीपीडब्ल्यू-३४ फोटोडायोड, १ किलो-ओहमचा रोध आणि ९ व्होल्टची बॅटरी उलट बाजूनं जोडलेली. बॅटरी गाळून नुसता डायोड मीटरला लावणारे पुष्कळ असतात. प्रकाश वाढला की तो डायोड सरळ रेषेत वागत नाही आणि मग तुमचा सगळा हिशोब गुळमुळीत होतो. मीटर दशांश मिलिव्होल्ट दाखवणारा हवा.

हे सगळं एका फळीवर एका रेषेत: लेसर, पहिला पोलरायझर, कॉइल, दुसरा पोलरायझर म्हणजे ॲनालायझर, शेवटी डायोड. आमची फळी फणसाची, कपाट केल्यावर उरलेली. स्क्रू पितळेचे. लोखंडी स्क्रूवर कॉइल ओढली जाते, करंट उलटवला की केसभर हलते, आणि ते हलणं मीटरवर अगदी वळणासारखं दिसतं. पहिल्या दिवशी मी स्टीलच्या स्टुलावर कॉइल ठेवली होती. त्या दिवशी रिकाम्या नळीनंही आम्हाला झकास व्हर्डे स्थिरांक दिला.

कांडी नळीत बसवताना तिला आवळू नका. दाबलेली काच स्वतःच प्रकाशाचं ध्रुवण बिघडवते. टेफ्लॉनच्या पट्टीचे दोन सैल वेटोळे पुरतात. बसवण्याआधी लॅपटॉपची पांढरी स्क्रीन आणि हातात एक पोलरॉइड घेऊन कांडीतून बघा. स्क्रीनचा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो. पोलरॉइड फिरवून स्क्रीन काळी केल्यावर कांडीही काळी दिसली पाहिजे. तिच्यात उजळ फुली किंवा ढग दिसले तर आत ताण आहे, आणि ती कांडी घेऊन बसण्यात अर्थ नाही.

आता मुख्य काम. ॲनालायझर फिरवून प्रकाश कमीत कमी करा, तो आकडा लिहा. हा शून्य येत नाही, आमचा ३ मिलिव्होल्ट यायचा. पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून तो वजा करायचा. मग ॲनालायझर तिथून बरोबर ४५ अंश फिरवा. ४५ का? कारण तिथं प्रकाशाचा आलेख सगळ्यांत उभा असतो. प्रतल जरासं वळलं तरी मीटर हलतो. अंधाराच्या जागी किंवा पूर्ण उजेडाच्या जागी त्याच वळणानं मीटर ढिम्म हलणार नाही. आमचा ४५ अंशांचा आकडा ४१२ मिलिव्होल्ट.

करंट सुलट सोडला, मीटर ३७२. उलटा सोडला, ४५२. फरक ८०, बेरीज ८२४. फरकाला बेरजेनं भागा: ०.०९७. हा दुप्पट कोनाचा साइन आहे, म्हणून कोन ०.०४८६ रेडियन, म्हणजे २.८ अंश. त्याला क्षेत्रानं (०.०२४४ टेस्ला) आणि लांबीनं (०.०३ मीटर) भागलं की ६६ रेडियन प्रति टेस्ला-मीटर. भाचीनं हे गणित वहीच्या मागच्या पानावर केलं आणि तिनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं, कारण ६६ ही साध्या काचेची संख्या नव्हे.

पण एका जोडीवर विश्वास ठेवू नका. लेसरचा प्रकाश हळूहळू सरकत असतो. आम्ही सुलट, उलट, उलट, सुलट असा क्रम धरला. सरकणं एकसारखं असेल तर ह्या क्रमात ते आपोआप खोडलं जातं. असे दहा फेरे. आणि मग एक चाचणी जी मी कोणालाही चुकवू देणार नाही: ॲनालायझर दुसऱ्या बाजूच्या ४५ अंशांवर न्या. आता सुलट करंटला मीटर वर गेला पाहिजे आणि उलट करंटला खाली, आधीच्या नेमका उलट. तसं झालं नाही, दोन्ही जागी एकाच बाजूला हलला, तर ते प्रकाशाचं वळण नाही. कॉइल हलतेय, किंवा करंटची तार डायोडच्या तारेत काहीतरी सोडतेय. वायरी एकमेकींपासून दूर करा आणि पुन्हा सुरुवात.

चिन्ह ठरवणं सोपं आहे, पण गोंधळ इथंच होतो. नियम असा: प्रतल कॉइलमधला करंट ज्या बाजूनं फिरतो त्याच बाजूनं वळलं तर धन, विरुद्ध वळलं तर ऋण. प्रकाश इकडून जातो की तिकडून, ह्यानं फरक पडत नाही. कॉइलवर खडूनं करंटच्या फिरण्याचा बाण काढा, धन टोकाकडून ऋण टोकाकडे. करंट सोडल्यावर ॲनालायझर हातानं फिरवून मीटर पुन्हा ४१२ वर आणा. हात ज्या बाजूला फिरला ती वळणाची बाजू. तरी स्वतःवर भरवसा नसेल, माझा नव्हता, तर पाण्याला विचारा. दहा सेंटिमीटरच्या नळीला दोन टोकांना मायक्रोस्कोपच्या पातळ काचा चिकटवा, विहिरीचं गाळलेलं पाणी भरा, एकही बुडबुडा न ठेवता. पाणी निश्चितपणे धन. आमच्या कॉइलमध्ये त्यानं उलट-सुलट मिळून ११ मिलिव्होल्टचा फरक दिला, आणि टर्बियमच्या बरोबर उलट बाजूला. कांडी आणि पाणी एकाच बाणाच्या दोन बाजूंना वळताना पाहिलं की उणे चिन्ह डोक्यात कायमचं बसतं.

आता आमची फजिती, कारण तिच्यातूनच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. सकाळी ८० मिलिव्होल्टचा फरक येई. करंट सतत चालू ठेवून तासाभरानं मोजलं तर ६५. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी ८०, जेवणापूर्वी ६५. मी लेसरला दोष दिला, नवीन आणला. तेच. भाची म्हणाली लाईटचं व्होल्टेज पडत असेल, आमच्याकडे दुपारी ते पडतंच, पण सप्लाय १० व्होल्टवर स्थिर होता. शेवटी तिनं कॉइलला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. कॉइल २० वॉट गिळत होती. नळीच्या आत थर्मोकपल सोडलं तर ६० अंश. मग एकेक उलगडलं. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला ०.४ टक्क्याच्या जरा आत. ३० अंश चढल्यावर रोध १२ टक्के जास्त, करंट २ ॲम्पियरवरून १.८च्या खाली. क्षेत्र तेवढं कमी. हा एक चोर. पण ८०चे ६५ व्हायला तेवढा पुरत नाही. दुसरा चोर कांडी स्वतः: ३०३ केल्विनवरून ३३३ केल्विन म्हणजे समचुंबकीय वळण आणखी नऊ टक्के कमी. दोन्ही गुणले की बरोबर ६५.

हे खात्रीनं वेगळं करण्यासाठी दोन गोष्टी केल्या. सप्लाय स्थिर व्होल्टेजऐवजी स्थिर करंटवर टाकला, २ ॲम्पियर म्हणजे २ ॲम्पियर. आता तापल्यावर कांडीचा फरक ८० वरून ७२-७३ वर आला. मग तिच्या जागी शिशाच्या फ्लिंट काचेचा तुकडा ठेवला. जुन्या स्पेक्ट्रोमीटरचं कपची उडालेलं प्रिझम होतं माझ्याकडे. एका चष्मेवाल्यानं ते कापून दोन्ही तोंडं समांतर घासून दिली. तो तुकडा थंडीत १४ मिलिव्होल्ट द्यायचा, तापल्यावरही १४. तापमानानं घटतं ते टर्बियम, न घटता राहतं ते शिसं. फार कमी प्रयोगांत इतकं सरळ उत्तर मिळतं.

बारीक नजर असेल तर दिसेल की ७२ हा नऊ टक्क्यांपेक्षा किंचित जास्त घटलेला आकडा आहे. तेही बरोबर आहे. ज्या काचेत टर्बियम मिसळलेला असतो, ती यजमान काच स्वतः धन बाजूला थोडी ओढते, आणि ती ओढ तापल्यानं कमी होत नाही. टर्बियमचा उणे वाटा घटला, यजमानाचा धन वाटा तसाच, म्हणून बेरीज जरा जास्त घटते. ह्याच कारणानं टर्बियम शिशाच्या किंवा बिस्मथच्या जड काचेत थोड्या प्रमाणात घालण्यात शहाणपण नाही. दोघं एकमेकांना खोडतात, आणि एका ठरावीक प्रमाणाला काच प्रतल वळवतच नाही. हलक्या यजमान काचेत, बोरेट किंवा ॲल्युमिनोसिलिकेटसारख्या, टर्बियम खूप घालायचा, हा खरा रस्ता.

भाचीला कांडी थंड करून मोजायची फार हौस होती. बर्फात ठेवली तर वळण वाढेल, बरोबर आहे. पण सप्टेंबरातल्या गोव्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना २७ अंशांखाली गेलेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरतं. कांडी थंड होताच तिची तोंडं धुकटली आणि मीटर शून्याकडे घसरला. कोरड्या हवेचा बंद डबा करता येतो, आम्ही केला नाही. वर जाणं सोपं होतं, कॉइल स्वतःच शेगडी.

तिसरा प्रश्न रंगाचा. हिरवा ५३२चा आणि जांभळा ४०५चा पॉइंटर आणून तेच मोजमाप पुन्हा केलं. लालला ६६, हिरव्याला १०४, जांभळ्याला २१३ च्या आसपास, सगळे उणे. तरंगलांबीचा वर्ग आडव्या अक्षावर आणि व्हर्डे स्थिरांकाचा व्यस्त उभ्यावर मांडला तर तीन बिंदू जवळजवळ एका रेषेत येतात. ती रेषा खाली लांबवली की आडव्या अक्षाला जिथं कापते, त्याचं वर्गमूळ २१५-२२० नॅनोमीटर. टर्बियमचा इलेक्ट्रॉन एफ कवचातून डी कवचात उडी मारतो ती अतिनील पट्ट्यातली जागा तिथंच कुठंतरी असते. म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशात मोजून आपण न दिसणाऱ्या शोषणाचा पत्ता काढला.

हिरव्या पॉइंटरबाबत सावध राहा. स्वस्त पॉइंटरमधून हिरव्याबरोबर अवरक्त प्रकाशही निसटतो. पोलरॉइड त्याला अडवत नाही, डायोड मात्र तो आवडीनं मोजतो. ॲनालायझर अंधारावर असताना आमचा मीटर ६० मिलिव्होल्ट दाखवायला लागला तेव्हा हे कळलं. तो आकडा वजा करायला विसरलात तर व्हर्डे स्थिरांक कमी येणार. जांभळ्याला पोलरॉइड नीट अडवत नाही आणि डायोडही तिथं मंद असतो, म्हणून २१३ हा आकडा तिघांत मला सगळ्यांत कमी भरवशाचा वाटतो. निळ्यात ४८५च्या आसपास टर्बियम स्वतः प्रकाश शोषतो, तिथला लेसर घेऊ नका.

मधल्या काळात भाचीच्या वर्गातल्या एका डिचोलीच्या मुलानं विचारलं की, आमच्याकडे खाणीची लाल माती डोंगरभर पडलीय, तीच काचेत वितळवून चालणार नाही का? लोह समचुंबकीय आहे खरं. तीन भारांच्या लोहाचे पाच इलेक्ट्रॉन जोडीविना. पण त्यांच्या कक्षांची बेरीज शून्य येते, आणि वळणाला नुसता चुंबक पुरत नाही, कक्षेचा हिस्साही लागतो. गॅडोलिनियमची तीच तऱ्हा: सात इलेक्ट्रॉन जोडीविना, चुंबकत्व दणदणीत, वळण मात्र टर्बियमच्या मानानं अगदी थोडं. वर लोह प्रकाश शोषतं. खिडकीच्या काचेला कडेनं बघितल्यावर जी हिरवी झाक दिसते ती त्याचीच, आणि तिथं लोह नावालाच असतं. तो मुलगा जरा खट्टू झाला. मी त्याला फ्लिंटचा तुकडा मोजायला दिला.

टर्बियमची काच घरी वितळवायचा विचार करणाऱ्यांना एवढंच: सिलिकेटसाठी १४०० अंशांच्या वरची भट्टी आणि प्लॅटिनमची मूस लागते. कुंभाराच्या भट्टीत ते होत नाही. विकत घ्या, किंवा आमच्यासारखी भंगारातून मिळवा. भंगारातल्या आयसोलेटरमध्ये काचेऐवजी टर्बियम-गॅलियम गार्नेटचा स्फटिकही असू शकतो. लाल प्रकाशात त्याचा आकडा उणे १३४च्या आसपास, म्हणजे आमच्या कांडीच्या दुप्पट, त्यामुळे मोजलं की लगेच कळतं. हातात तोलूनही कळतं, तो पाण्याच्या सातपट जड असतो.

मोजून झाल्यावर कांडी मऊ कापडानं पुसून, कोरड्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात. पोलरॉइडही त्यातच. आमच्याकडे जूनमध्ये बाहेर ठेवलेला पोलरॉइड ऑगस्टपर्यंत कडेनं सुटलेला असतो आणि लेन्सवर बुरशीच्या शिरा आलेल्या असतात. सिलिका जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळं करून घ्यायचं, खोलीची खिडकी उघडी ठेवून, आणि तो तवा नंतर पोळ्यांना वापरायचा नाही. माझा जुना तवा त्यातच गेला.